अंतरपाट उघडत नाही

ओवी म्हणायची असते, नाहीतर ऐकायची असते. ती उघडावी लागते, आणि प्रसंगी काही केल्या उघडत नाही, हे मला आसावरीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात कळलं.

आसावरी माझी भाची, वासंतीताईची एकुलती एक लेक. राहते ठाण्याला, माजिवड्याच्या एका इतक्या उंच इमारतीत की कबुतरंसुद्धा मधल्या एखाद्या मजल्यावर दम खाऊन मग वर जातात. भाचीच्या लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं. पिवळी साडी घ्यायची, नवरीला हाताला धरून बोहल्यापाशी आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. मागे उभं राहायला फारशी अक्कल लागत नाही म्हणून हे काम मामाला देत असावेत, असं माझी बायको संचिता म्हणते. पण आसावरीने फोन केला आणि म्हणाली, "मामा, अंतरपाट तू दे. त्याच्यावर तुझी ओवी हवी. आजी जात्यावर म्हणायची तसली. ते दुकानातले हत्ती-मोर नकोत मला."

हत्ती-मोर ती उगाच म्हणाली नव्हती. सलिलची, म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या कल्पिताबाई कल्याणला असतात. त्यांनी हत्ती, मोर, कलश आणि मधोमध माना गुंतवून बसलेले दोन हंस असा अख्खं अभयारण्य भरलेला अंतरपाट कधीच घेऊन ठेवला होता. साखरपुड्यात माझ्या ताटात जिलबी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुमचा झाला तर झाला हो, नाहीतर आमचा आहेच की." त्या 'आहेच की'मध्ये जिलबीहून जास्त पाक होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, काही झालं तरी आपली पोर हंसांच्या माना बघत उभी राहणार नाही.

ओवी जमायला मला चार दिवस अस्वस्थ फिरावं लागलं. कोपर स्टेशनच्या बाजूने खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी पुटपुटत चालायचो आणि लोक वाट द्यायचे. आई जातं ओढायची तेव्हा ओळ आधी तिच्या मनगटात यायची आणि मग ओठात. माझ्या मनगटात घड्याळ आहे. पण अखेर जमली:

मधे पांढरा गं, सुताचा उंबरा
अल्याड साळुंकी, पल्याड मोगरा
पाट सरताना, थांबू दे गं वारा

या तीन ओळी झाल्या तेव्हा खरं तर खाली उतरलेलं पीठ भरून ठेवायचं होतं. पण मला वाटलं, चौथी हवी. चौथी ओळ मी कुणाला वाचून दाखवली नाही. तिच्याबद्दल पुढे येईलच, आलीच आहे असं समजा.

शहाडला करिश्मा नावाच्या बाईंचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे. ब्लाउजच्या बाह्या, शाळांच्या खिशांवरचे बिल्ले, देवीच्या पालखीची झालर, सगळं तिथलं मशीन भरतं. मी कागद दिला, लाल धागा पसंत केला. आणि शनिवारी सकाळी माझ्या फोनवर एक फाइल आली. पाठोपाठ संदेश: 'सर, बघून ओके सांगा. ओके आल्याशिवाय मी मशीन लावत नाही. मशीन आजच रिकामं आहे, उद्यापासून गणवेशाचे खिसे.'

मी फाइलवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, ही उघडता येईल असं काही माझ्यापाशी नाही.

मी पुन्हा बोट ठेवलं. जरा जोरात ठेवलं. आपल्या पिढीचा असा समज आहे की यंत्राला आपलं म्हणणं पहिल्यांदा ऐकू येत नाही. फाइलच्या नावापुढे ठिपका आणि त्यापुढे डीएसटी अशी अक्षरं होती. फोटो असतो तेव्हा जेपीजी असतं, पत्र असतं तेव्हा पीडीएफ असतं, एवढी माझी विद्या. हे तिसरंच कुळ निघालं.

करिश्माबाईंना सरळ विचारायला हवं होतं. पण कागद देताना मीच त्यांना ऐटीत म्हणालो होतो, "फाइल पाठवा हो, आमच्याकडे सगळं उघडतं." असं म्हणणाऱ्या माणसाने फाइल आल्या आल्या 'उघडत नाही' कसं लिहायचं? मी लिहिलं, 'मिळाली. बघतो आहे.' बघतही होतोच. फाइलच्या नावाकडे.

संचिता पोहे परतत म्हणाली, "विचारा ना त्या बाईला."

"विचारतो. आधी नीट बघू तर दे."

"बघायला उघडावी लागेल."

या बाईशी संसार करणं म्हणजे रोज तोंडी परीक्षा देणं.

मी खाली सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथे अण्णा होते. अण्णा आमचे सेक्रेटरी, आणि आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट हे त्यांचं एकमेव व्यसन. इमारत जुनी, जिन्याच्या भिंतीला पोपडे, गच्चीला ओल. बिल्डर येतात, चहा पितात, मोजमाप घेतात आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरेच येतात. अण्णा मात्र प्रत्येकाच्या चहाचं कौतुक तेवढ्याच आशेने करतात.

"पोपटराव, द्या इकडे," अण्णा म्हणाले. हो, माझं नाव पोपट. आमच्या जुन्नरकडे हे नाव अदबीने ठेवतात आणि डोंबिवलीत लोक ते जपून उच्चारतात. "उघडत नसेल तर नाव बदलायचं. माणूस नाही ऐकला तर बदली करतो आपण, तसंच."

त्यांनी फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतली आणि डीएसटी खोडून जेपीजी केलं. उघडली नाही. पीडीएफ केलं. तरी नाही. मग चिडून त्यांनी ती साध्या लिखाणाच्या खिडकीत उघडली, आणि पडद्यावर जी अक्षरं सांडली ती पाहून मला भरून आलं. चौकोन, प्रश्नचिन्हं, मिशा असलेले इंग्रजी ए, उलटे स्वल्पविराम. माझ्या साळुंकीची पिसं.

"थांबा, प्रिंट काढू. कागदावर नीट दिसतं," अण्णा म्हणाले आणि बटण दाबून मोकळे झाले. प्रिंटर सुरू झाला तो थांबेना. वार्षिक सभेच्या नोटिशीसाठी आणलेले कोरे कागद एकेक करून माझ्या ओवीत बुडाले. मी म्हटलं बंद करा, तर अण्णा म्हणाले मध्येच बंद केलं तर आत कागद अडकतो. शेवटी कागदच संपले. अण्णांनी तो गठ्ठा उचलला आणि सवयीने पहिल्या पानावर 'आवक' असा शिक्का मारला.

शिक्का मारताना त्यांची नजर पानाच्या डोक्यावर गेली. कचऱ्याच्या आधी तिथे दोन-चार ओळी वाचता येतील अशा होत्या. एसटी, पुढे मोठा आकडा. मग अधिकचं चिन्ह, एक्स, पुढे आकडा.

"हे काय?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली उतरला.

मी म्हणालो, "मला काय माहीत? अंतरपाट आहे तो."

तेवढ्यात साकेत आला. तिसऱ्या मजल्यावरचा, ठाण्याला एका स्थापत्य फर्ममध्ये नोकरी करतो, सुट्टी म्हणून अर्ध्या चड्डीत दूध आणायला उतरलेला. त्याने फोनमध्ये डोकावून पाहिलं. "डीएसटी? काका, ही तर आमच्यातली फाइल. ड्रॉइंग्ज असतात ना बिल्डिंगची, त्यांचा सेट बांधायला वापरतात. कुणी पाठवली तुम्हाला?"

"शहाडच्या बाईंनी."

अण्णांनी ऑफिसचं दार हळूच लोटून घेतलं. "बिल्डरची बाई?"

"एम्ब्रॉयडरीची बाई. अण्णा, भाचीचं लग्न आहे. अंतरपाट."

"असं सांगायला सांगितलंय का त्यांनी?" अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतका मऊ हात त्यांनी मेंटेनन्स वेळेवर भरल्यावरही ठेवला नव्हता. "हरकत नाही. मी समजू शकतो. पण पोपटराव, एसटी म्हणजे स्टिल्ट, हे लहान मूलही सांगेल. खाली पार्किंग, वर इमारत. आणि अधिक एक्स म्हणजे एक्स्ट्रा एरिया. प्रत्येकाला जास्तीची जागा मिळतेय आणि तुम्ही ती भाचीच्या लग्नात गुंडाळून ठेवताय?"

पुढे माणूस किती खरं बोलला तर किती खोटा ठरतो, याचा मी जिवंत नमुना झालो. साकेतने आपल्या लॅपटॉपवरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घातली, ते म्हणालं ही बिघडलेली आहे. अण्णा म्हणाले, "बिघडलेली नाही, कुलूपबंद आहे. बिल्डर लोक हुशार." आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं: 'रिडेव्हलपमेंटचा गुप्त आराखडा आपल्या एका सभासदाच्या हाती आला आहे. नाव सांगता येत नाही. ए विंग, दुसरा मजला.' ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन घरं. एकाला गेल्या दिवाळीपासून कुलूप आहे.

मी घरी पोचेपर्यंत दारात चपला होत्या. कुणी विचारत होतं किचन पूर्वेला आहे का. कुणी म्हणत होतं, आमच्या बाल्कनीचं काय. रमाबाई पहिल्या मजल्यावरून कठडा धरत धरत वर आल्या होत्या. वय खूप, आवाज त्याहून मोठा. त्यांना लिफ्ट आहे की नाही एवढंच ऐकायचं होतं. "नुसतं हो म्हण रे बाबा. गुडघे तेवढ्यावर चार दिवस काढतील."

मी सगळ्यांना सांगितलं, की हा अंतरपाट आहे. सगळे समजूतदारपणे हसले.

या गोंधळात फोनवर संदेश आला. करिश्माबाई. 'सर, दुपार होत आली. अक्षरं बरोबर आहेत का? लावू मशीन?' माझ्यासमोर एक जण पार्किंगचा हक्क मागत होता, एक जण माझ्या फोनचा फोटो काढत होता, आणि डोळ्यांपुढे कल्पिताबाईंचे हंस माना हलवत होते. आज नाही लागलं तर लागतच नाही. मी न उघडलेल्या, न पाहिलेल्या फाइलला लिहून टाकलं: 'ओके. उत्तम.'

नुसतं ओके पुरलं असतं. 'उत्तम' ही माझी हौस.

दुपारी ताटावर बसल्यावर वाटलं, आपण काय पास केलं ते बघायला नको का? मी उठून साकेतकडे गेलो. तो अजून हट्टाने त्या फाइलशी झुंजत होता, कारण मुलांना न उघडणारी गोष्ट म्हणजे अपमान वाटतो. मी म्हणालो, "साकेत, आईशपथ सांगतो, हे भरतकाम आहे. मशीनवरचं. सुईने."

तो थांबला. "म्हणजे सुईने शिवतात ते? काका, मग आधी सांगायचं ना."

"सकाळपासून दुसरं काय सांगतोय रे मी?"

"मला वाटलं तुम्ही विषय बदलताय."

त्याने भरतकामाच्या फाइली बघायचं एक सॉफ्टवेअर शोधलं, फुकटातलं. उतरवायला वेळ लागत होता तेवढ्यात कुणीतरी खाली बातमी पोचवली की कुलूप निघालं. अण्णांनी लगेच सर्वांना ऑफिसात बोलावलं. कॅमेऱ्याचा जो मोठा पडदा तिथे भिंतीवर आहे, ज्यावर एरवी फाटकातली मांजर दिसते, त्याला साकेतचा लॅपटॉप जोडला. खुर्च्या आल्या. रमाबाईंना पुढे बसवलं. संचिता हात पुसत दारात उभी राहिली. साकेतने बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग एक बारीक ठिपका वर डावीकडे उमटला आणि चालू लागला. तो टाका होता. एका टाक्याला दुसरा लागत गेला, काना उभा राहिला, 'म'चं पोट भरत आलं. रंग भलताच होता, गडद हिरवा, कारण रंग म्हणे फाइलीत नसतोच. किचन कुठे आहे हे विचारायचं लोक विसरले. रांगोळी काढणाऱ्या बाईच्या चिमटीकडे पोरं बघतात तसे सगळे त्या ठिपक्याकडे बघत राहिले, आणि पहिली ओळ पुरी झाली तशी रमाबाईंनी ती वाचली. दुसरीला त्यांचा आवाज वाचण्यातून आपोआप सुरात गेला. उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत गोल फिरू लागला, खुंटा धरल्यासारखा.

मधे पांढरा गं, सुताचा उंबरा. अल्याड साळुंकी, पल्याड मोगरा.

माझ्या आईचं जातं त्या सोसायटीच्या ऑफिसात, आवक-जावकच्या कपाटासमोर, दळायला लागलं. तिसरी ओळ आली, पाट सरताना, थांबू दे गं वारा, आणि मागे कुणीतरी पंखा बंद केला. का केला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी मान खाली घातली. अभिमानाने भरलेला चेहरा लोकांना दाखवू नये, एवढं मला कळतं.

ठिपका चौथ्या ओळीवर उतरला. रमाबाई वाचत गेल्या. "पोपटमामाचा, आशीर्वाद खरा." हात हवेत थांबला.

"आता हा पोपट कुठून आला? साळुंकी होती ना?"

कुणीतरी हसू दाबलं, ते दुसऱ्याच्या नाकातून बाहेर पडलं. मी म्हणालो, "तशी पद्धत असते. शेवटी कवीचं नाव येतं."

"संतांचं येतं," अण्णा म्हणाले. आराखडा नाही हे कळल्यामुळे ते दुखावलेले होते.

संचिता दारातूनच बोलली, आणि तिने आवाजही चढवला नाही. "अहो, पोर मान खाली घालून उभी राहणार. खालची ओळ बरोबर तिच्या डोळ्यांपुढे येणार. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती तुमचं नाव वाचणार का?"

या वाक्यानंतर कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ती ओळ मी चार दिवस खिशात लपवून फिरलो होतो. हत्ती आणि हंस नकोत म्हणून पोरीने माझ्याकडे पांढरं कापड मागितलं, आणि मी त्याच्यावर स्वतः जाऊन बसलो.

आणि मी ओके दिलं होतं. वर उत्तम.

मी करिश्माबाईंना फोन लावला. वाजत राहिला. मशीन चालू असलं की तिथे घंटा काय, ढोल ऐकू यायचा नाही. संदेश पाठवले, ते वाचले जाईनात. "शहाडला जायला हवं," मी म्हणालो. अण्णा उठले. "माझी स्कूटर आहे." त्यांना अजून मनातून वाटत होतं की शहाडला पोचल्यावर बिल्डर निघेल.

अण्णा स्कूटर अशी चालवतात की रस्त्यावरच्या बैलालाही ओशाळल्यासारखं व्हावं. प्रत्येक खड्ड्यापुढे थांबून ते त्याची खोली ठरवत. ठाकुर्ली मागे पडलं, पत्री पुलावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तो ठिपका चालत होता. आता उंबरा झाला असेल. आता साळुंकी बसली असेल.

"अण्णा, जरा दाबा."

"दाबतोय. पोपटराव, खरं सांगा, एक्स्ट्रा एरिया नाहीच ना?"

"नाही हो. साकेत म्हणाला, एसटी म्हणजे टाके आणि एक्स म्हणजे रुंदी."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि पुढच्या खड्ड्यापुढे पुन्हा थांबले. मला त्यांची कीव आली. दोघंही एकाच फाइलीने बुडवलेले.

युनिटमध्ये शिरलो तेव्हा कापड चौकटीत ताणलेलं होतं आणि सुई नाचत होती. लाल अक्षरं पांढऱ्यावर इतकी सुंदर उठली होती की क्षणभर मी थांबा म्हणायचं विसरलो. मग ओरडलो. करिश्माबाईंनी बटण दाबलं. मशीन थांबलं. तीन ओळी पुऱ्या झाल्या होत्या, आणि चौथीतलं पहिलं अक्षर. पो.

"काय सर? ओके दिलंत ना?"

"दिलं. ते परत घ्यायचंय."

"वर उत्तम पण लिहिलंय तुम्ही." त्यांनी फोन काढून दाखवला. "मी नवऱ्याला दाखवलं. म्हटलं, उत्तम कोण लिहितं आजकाल."

मी सांगितलं, चौथी ओळ नको. एवढं अक्षर उसवून द्या. त्या कापडावर वाकल्या, बोट फिरवलं. "उसवलं तर भोकं राहणार सर. कोरं पांढरं आहे, लांबून दिसेल. दुसरं कापड घ्यायचं तर आज पुरं होणार नाही, आणि उद्यापासून खिसे."

मी स्टुलावर बसलो. अंतरपाटावर नुसतं 'पो'. कल्पिताबाई चष्मा लावून विचारतील, पो म्हणजे काय हो? आणि मग हंस.

अण्णा हात मागे बांधून चौकटीभोवती फिरत होते, प्लॉट बघायला आल्यासारखे. "मी एक सुचवू? जुनं पाडू नका. पाडलं की अडचणी. त्याच्यावरच मजला चढवा."

करिश्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. "होईल तसं. तयार डिझाइन टाकते वरून. हत्ती आहे, मोर आहे..."

"हत्ती-मोर नको," मी म्हणालो.

"मग कोयरी?"

हिरव्या धाग्याची कोयरी चढायला लागली. 'पो'चा काना बुडाला, मात्रा बुडाली, पोट बुडालं. डोळ्यांदेखत माणूस कोयरीत गेला. अण्णा समाधानाने बघत होते. त्यांच्या हयातीत पुरं झालेलं ते पहिलं बांधकाम.

लग्न ठाण्याच्या हॉलमध्ये झालं. अंतरपाट काढला तेव्हा कल्पिताबाईंनी तो दोन्ही हातांनी उलगडून वाचला, पुन्हा वाचला. "ओवी छान आहे हो. खालची कोयरी तर फारच." मग लगेच म्हणाल्या, "सुलट बाजू मात्र मुलाकडे हं. मान असतो." वासंतीताईने माझ्याकडे पाहिलं, आता मामा भांडणार म्हणून. मी म्हणालो, "असू दे मुलाकडे." सगळ्यांत जास्त आश्चर्य संचिताला वाटलं.

पिवळ्या साडीतल्या आसावरीला मी हाताला धरून आणलं, पाटावर उभं केलं आणि मागे उभा राहिलो. पुढे पांढरं कापड ताणलं गेलं. आमच्या बाजूला उलट: आरशातली अक्षरं, गाठी, धाग्यांची टोकं. ज्या ओवीसाठी सगळी सोसायटी हिंडवली ती मला काही वाचता येत नव्हती. पण कापडाच्या वर सलिलचा मुंडावळ्या बांधलेला चेहरा दिसत होता, आणि भटजी सूर लावत होते तेव्हा त्याचे ओठ कापडावर नजर ठेवून हळूहळू हलत होते. तिसऱ्या ओळीपाशी ते थांबले आणि त्याने नकळत पंख्याकडे पाहिलं.

अंतरपाट दोन्हीकडून दिसतो म्हणून करिश्माबाईंनी खालचा धागाही रंगीत लावला होता. कोयरी मात्र पाठीमागून जरा विरळ बसली होती. आसावरीने रीतीप्रमाणे मान खाली घातली होती. ती तशीच, ओठ न हलवता म्हणाली, "मामा, हे खाली काय आहे?"

"कोयरी."

"कोयरीच्या आत लाल काय आहे?"

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. हिरव्या टाक्यांच्या फटीतून, उलटं, एक अक्षर बसलं होतं. सगळ्या हॉलमध्ये ते फक्त तिला आणि मला दिसत होतं.

"समोर बघ," मी म्हणालो. "सावधान म्हणतायत."

तिचे खांदे हसण्याने हलत होते. मागे बसलेल्या बायकांना वाटलं नवरी रडतेय, आणि त्यांनीही डोळ्यांना पदर लावले.